दहा टक्के

सोमवारी सकाळी मी दगड बादलीत ठेवते.
मुठीएवढे, करडे, सारेमा बेटाच्या किनाऱ्यावरून आलेले.
वर अ‍ॅसेटिक आम्ल, दहा टक्के, थेंबभरही जास्त नाही.
झाकण ठेवते, मग कान.
आत कुणीतरी
खूप दिवसांनी बोलायला लागल्यासारखी सळसळ.

ट्राममध्ये लोक माझ्या शेजारून उठतात.
वीस वर्षांत एकाच म्हाताऱ्याने विचारलं,
"काकड्या मुरवता का, बाई?"
म्हटलं, "नाही, मासे सोडवते."
तोही उठला.

आम्ल तसं मोठं काही करत नाही.
चुनखडीत कॅल्शियम कार्बोनेटला धरून बसलेलं असतं,
त्याला ते आपल्याकडे ओढून घेतं, इतकंच.
एकटं पडलेलं कार्बोनेट मग टिकत नाही.
थोडं पाणी होतं, उरलेलं वायू,
आणि वायू फेस होऊन वर येतो, फुटतो.
बेचाळीस कोटी वर्षांपूर्वी, उथळ कोमट पाण्यात,
शिंपल्यांनी, प्रवाळांनी
अंगाभोवती घर म्हणून जो बांधून घेतला
तो हाच.
प्रयोगशाळेच्या खिडकीतून टालिनच्या धुक्यात निघून जातो.
त्याची मी नोंद ठेवत नाही.

नोंद असते तळाची.
खवले, काटे, मोहरीहून बारीक दात.
फॉस्फेटचं मन दहा टक्क्यांनी वळत नाही, म्हणून उरलेले.
ओल्या कुंचल्याने एकेक उचलायचा, श्वास धरून.
दगडालाही पाझर फुटतो म्हणतात.
फुटतो, पण आठवडे लागतात,
आणि घाई करून आम्ल वाढवलं
तर ज्याच्यासाठी फोडला तेच हातचं जातं.

आमच्या विहिरीचं पाणी किटलीत दगड होऊन बसायचं.
आई शनिवारी व्हिनेगर ओतायची,
किटली खाकरायला लागायची,
आणि आई तिला दटावायची, "हळू, हेल्डे झोपलीय."
हेल्डे तिचंच नाव.
ती कधीच झोपलेली नसायची.

ऑगस्टात बोटीने गेले तर
मामेभाऊ ऊर्मास कबरीपाशी, हातात ब्रश,
दुकानातली तीस टक्क्यांची बाटली अर्धी रिकामी.
"शेवाळ बघ कसं निघतंय!" म्हणाला, खुशीत.
दगडावर ओल पसरत होती, आईच्या नावावरून खाली,
तारखांवरून खाली, गवतात.

मी ओरडले नाही. गुडघ्यावर बसले, कान लावला.
काहीच नाही.
मग नीट ऐकल्यावर, लांबून, एखादीच चुटपुट.

डोलोमाइट होता तो, बेटाचाच.
त्यात कॅल्शियमच्या शेजारी मॅग्नेशियम बसलेलं असतं
आणि त्या जोडीला उठायचा भारी कंटाळा.
साधी चुनखडी असती तर अक्षरांच्या कडा
तिथल्या तिथे फेसात गेल्या असत्या.
वडिलांनी दगड निवडला तेव्हा
त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.
स्वस्त पडला, एवढंच सांगायचे.

पंपावरून अकरा बादल्या पाणी आणलं.
सातव्या बादलीला ऊर्मासने विचारलं,
"मी काय बिघडवलं का?"
म्हटलं, "अजून नाही. तू दांडा मार."
तो दांडा मारत राहिला, लालबुंद, गप्प,
त्याच्या शर्टाला माझ्यासारखाच वास.

दगड वाळला तेव्हा नावाखाली
तळहाताएवढा पांढुरका डाग राहिला होता.
तो आता राहणार.
आणि 'डी'च्या पोटात, ब्रश पोचला नव्हता तिथे,
नारिंगी दगडफूल, नखाएवढं.
ऊर्मासने खिशातून चाकू काढला.
मी त्याचा हात धरला.